खाल्ल्या घरचे वासे

दर मे महिन्यात मी आत्याच्या घराच्या माळ्यावर चढते. खाली शिडी धरून आत्या उभी असते आणि मी वर पोचले की तिचा प्रश्न ठरलेला, "दिसतंय का गं काही?" लगेच काहीच दिसत नाही. कौलांच्या सापटींतून उन्हाच्या बारीक रेघा उतरलेल्या असतात, त्यांत धूळ तरंगत असते. त्या उकाड्यात जुन्या ऐनाच्या लाकडाचा, सुक्या पेंढ्याचा आणि उंदरांचा मिळून एक वास येतो. डोळे सरावले की आधी आढं, म्हणजे छपराच्या माथ्याचं आडवं लाकूड दिसतं, मग आढ्यापासून दोन्ही पाख्यांवर, म्हणजे छपराच्या दोन उतारांवर उतरलेले वासे, आणि मग त्या सगळ्याचा भार अंगावर घेऊन उभ्या असलेल्या पाच कैच्या, म्हणजे लाकडाचे त्रिकोणी सांगाडे.

खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात. मी मोजते. एका पाख्यावर 21 आणि दुसऱ्यावर 21. या घरात मी लहानपणी प्रत्येक उन्हाळ्यात दोन-दोन महिने जेवले आहे, आमरसाची वाटी कधी रिकामी राहिली नाही. म्हणूनच मोजते. त्या म्हणीतला माणूस कशासाठी मोजत होता ते मला माहीत आहे, पण वासे मोजणारं माणूस घरात कुणीच उरलं नाही तर काय होतं, तेही मी पाहिलं आहे.

घर दापोली तालुक्यातलं आहे. जांभ्याच्या भिंती, पुढे पडवी, मग ओटी, माजघर, मागे स्वयंपाकघर. वर मंगलोरी कौलं. ही कौलं आपल्याकडे इतकी रुळली आहेत की ती कायमचीच असावीत असं वाटतं, पण बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट या जर्मन माणसानं मंगळूरला या कौलांचा पहिला कारखाना काढला तो 1865 मध्ये. त्याआधी घरांवर गवत, पेंढा नाहीतर कुंभारानं घडवलेली नळ्याची कौलं असायची. मंगलोरी कौल आलं आणि त्याच्यासोबत छपराची शिस्त आली. रिपा, म्हणजे वाशांवरच्या आडव्या पट्ट्या, ठरावीक अंतरावरच हव्यात, नाहीतर कौलाचा मागचा खोंब अडकत नाही. पाखं सपाट हवं, नाहीतर कौल कौलावर नीट बसत नाही आणि फटीतून पाणी शिरतं. म्हणजे खालचा सांगाडा जरा वाकडा झाला की कौलं ते लगेच बोलून दाखवतात. अंगणात उभं राहून पाख्यावर नजर टाकली, आणि कौलांच्या ओळी मधेच खाली दबलेल्या दिसल्या, तर वर काहीतरी झालं आहे हे समजायचं.

वजनाचा अंदाज आपल्याला नसतो. एक कौल साधारण दोन-सव्वादोन किलोचं. एका चौरस मीटरला अशी पंधराएक लागतात. आत्याच्या घराचं छप्पर दोन्ही पाखी धरून 120 चौरस मीटर आहे, म्हणजे 1800 कौलं, म्हणजे कोरडी असतानाच चार टन. जुलैमध्ये ती पाणी पिऊन आणखी जड होतात. ते ओझं गेली सत्तर-ऐंशी वर्षं पाच कैच्या वाहत आहेत. आपण खाली चहा पीत बसलेलो असतो.

मी स्थापत्य अभियंता आहे, पण माझं काम शहरात, काँक्रीटचं. लाकूड मला पुस्तकानं थोडं शिकवलं आणि बाकीचं गावातल्या सुतारकाकांनी. कैची म्हणजे काय हे त्यांनी मला आत्याच्या अंगणात दाखवलं होतं. दोन काठ्या घेतल्या, वरची टोकं एकमेकांना टेकवली आणि जमिनीवर उभ्या केल्या. वरून हातानं दाब दिल्याबरोबर काठ्यांचे पाय बाहेर सरकले आणि दोन्ही आडव्या झाल्या. मग त्यांनी पाय सुतळीनं बांधले. आता दाबलं तर सुतळी ताणली गेली, काठ्या हलल्या नाहीत. "ही सुतळी म्हणजे खालची तुळई," काका म्हणाले. "लोकांना वाटतं ती माळा पेलायला आहे. ती पाय ओढून धरायला आहे, बाय."

एवढं एक ज्यांना कळलं नाही त्यांनी आमच्या भागात घरांची काय दशा केली आहे! शेजारच्या वाडीत एका घरात माळ्यावर पर्यटकांसाठी खोली काढायची होती. तुळई नेमकी डोक्याच्या उंचीला येत होती. ठेकेदारानं ती दोन कैच्यांची कापली. कापल्यावर काहीच झालं नाही, म्हणून सगळे खूश. पुढच्या दोन पावसाळ्यांत वरची कौलं दबली, पुढच्या भिंतीला माथ्याजवळ आडवी चीर गेली. मी ओळंबा लावला तेव्हा भिंत वरच्या टोकाला दीड इंच बाहेर झुकलेली होती. काठ्यांचे पाय सरकत होते आणि भिंतीला बाहेर ढकलत होते. तिथं आधी लोखंडी सळीनं पाय पुन्हा बांधून घेतले आणि मगच बाकीचं बोलायला घेतलं. तुळईवर पाचशे लिटरची पाण्याची टाकी ठेवलेली घरंही मी पाहिली आहेत. अर्धा टन ओझं, आणि तेही ओढून धरण्यासाठी असलेल्या लाकडाच्या पोटावर.

पण मला मुख्यतः सांगायचं आहे ते तिसऱ्या कैचीबद्दल.

2019 च्या मे महिन्यात आत्यानं विचारलं होतं, छप्पर ठीक आहे ना. त्या वर्षी मी घाईत होते, दोन दिवसांसाठी आले होते. स्वयंपाकघरात उभी राहून मी मान वर करून पाहिलं. त्याच्या आदल्या वर्षी एका कारागिरानं सगळ्या लाकडांना काळं तेल लावून दिलं होतं, त्यामुळे कैची छान चकचकीत दिसत होती. तुळई सरळ होती, कुठे वाळवीची माती नव्हती. मी म्हटलं, "ठीक आहे आत्या." माळ्यावर चढले नाही.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला. वाऱ्याचा वेग ताशी 100 किलोमीटरच्या वर होता. मंडणगड, दापोली या सगळ्या पट्ट्याला त्यानं झोडपून काढलं. माड, पोफळी, आंब्याची जुनी झाडं मुळासकट आडवी झाली. टाळेबंदीचे दिवस होते, मी पुण्यात अडकलेली, आणि फोन लागत नव्हते. आत्याचा आवाज ऐकू आला तेव्हा ती पहिलं वाक्य हे बोलली, "मी बरी आहे, देवघरात होते, पण स्वयंपाकघर खाली आलं."

मला पोचायला बरेच दिवस लागले. तोवर शेजाऱ्यांनी ताडपत्री टाकून घेतली होती. गावातल्या कितीतरी घरांची कौलं उडाली होती, आमच्या पश्चिमेच्या पाख्याचीही गेली होती, पण पाचपैकी चार कैच्या जागच्या जागी उभ्या होत्या. फक्त तिसरी पडली होती. सुतारकाका तिच्या टोकाशी उकिडवे बसले, आणि काही न बोलता भिंतीत असलेला भाग माझ्यासमोर धरला. त्यांनी बोटानं दाबलं आणि लाकूड भिजलेल्या बिस्किटासारखं आत गेलं. तपकिरी रंगाचं, आडव्या-उभ्या भेगांनी चौकोनी तुकडे पडलेलं. कुजलेल्या लाकडाची ही खूण पुस्तकात मी शंभरदा पाहिलेली होती. भिंतीबाहेर जेवढं दिसत होतं तेवढं लाकूड टणक होतं. भिंतीत शिरलेलं एक वीतभर टोक, ज्याच्यावर सगळी कैची टेकलेली, ते गेलं होतं. वादळानं फक्त शेवटचा धक्का दिला.

"हे एका पावसाळ्याचं नाही," काका म्हणाले. "पाच-सहा तरी झाले असतील." आत्या तिथेच उभी होती. मला तिच्याकडे बघवलं नाही.

तेव्हापासून मी खालून बघून कुठल्याच छपराला ठीक आहे म्हणत नाही.

पाणी कुठून आलं हे शोधायला काकांनी मला पाख्यावर नेलं. आढ्याचं पाणी वळचणीला, हे आपण बोलण्यात किती सहज वापरतो. छपराच्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे. आढ्यावरचा एक कोना, म्हणजे माथ्याचं कौल, तडकला होता. तिथून शिरलेलं पाणी खाली स्वयंपाकघरात कधी टपकलंच नाही, कारण ते कैचीच्या तिरप्या लाकडाच्या पाठीवरून हळूहळू ओघळत थेट भिंतीतल्या टोकापर्यंत जात होतं. तिथं चारी बाजूंनी सिमेंट थापलेलं. आलेलं पाणी सुकायला जागाच नाही. गळती आढ्याला आणि कूज पंधरा फूट खाली. जमिनीवर बादली ठेवायची वेळ आली असती तर निदान कुणाचं लक्ष तरी गेलं असतं.

लाकडाला पाणी लागलं म्हणून ते लगेच कुजत नाही. भिजलं आणि सुकलं तर ते शंभर वर्षंही टिकतं. ओलं राहिलं, की बुरशीचं फावतं. म्हणून तपासायचं ते जिथे ओल अडकते तिथे, म्हणजे भिंतीतली टोकं, दोन पाखी मिळतात ती पन्हळ, धुराड्याच्या किंवा पाइपाच्या भोवतालची जागा, आणि सांधे. लाकडाचा मधला भाग क्वचितच दगा देतो.

काकांच्या पिशवीत एक टोच्या असतो, मूठ घासून गुळगुळीत झालेला. तो टोकाशी टेकवून अंगठ्यानं दाबायचा. चांगल्या ऐनात तो जेमतेम टेकतो, किंजळात थोडा जास्त. सहज बोटभर आत गेला तर प्रश्न मिटला. त्याआधी हातोडीच्या दांड्यानं वाजवून बघायचं. हे आमच्याकडे वेगळं शिकवावं लागत नाही, फणस पिकला का ते कोकणातलं पोरसुद्धा वाजवून सांगतं. कच्चा फणस टणटणतो, पिकलेला बद्द बोलतो. लाकडाचंही तेच, फक्त इथे बद्द आवाज ऐकून जीव खाली-वर होतो. एकच जागा वाजवून मात्र काही कळत नाही. टोकापासून मधापर्यंत वाजवत जायचं आणि आवाज कुठे बदलतो ते ऐकायचं. माडाच्या वाशाला ही समज उलटी लावावी लागते, कारण माड बाहेरून कठीण आणि आतून भुसभुशीत असतोच. तो तसाच जन्मलेला आहे.

घाबरण्यासारख्या दिसणाऱ्या कितीतरी गोष्टी निरुपद्रवी असतात, हेही काकांकडूनच शिकले. ऐनाच्या लाकडात खिळ्याभोवती काळा डाग पडतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी कूज समजून टोच्या घेऊन धावले. ती लोखंडाची आणि लाकडातल्या तुरट द्रव्याची गाठ पडल्याची निशाणी, बाकी काही नाही. लाकडाच्या लांबीत धाग्याबरोबर गेलेली चीर, अगदी बोट जाईल एवढी रुंद असली तरी बहुतेक वेळा ती सुकतानाची असते, आणि कैची बसवली त्याच वर्षीची असते. आत जुनी धूळ, कोळ्याची जाळी असतात. धाग्याला आडवी जाणारी बारीक चीर मात्र, केसाएवढी असली तरी, मला झोपू देत नाही. तशीच गाठीपाशी तिरकी फुटलेली, किंवा बोल्टच्या भोकातून निघून टोकाकडे पळालेली. तिचे ओठ आतून स्वच्छ आणि फिके असतील तर ती ताजी.

आणि बाक. जुनी तुळई थोडी वाकलेली असतेच. आठ दशकं चार टनांखाली उभं राहिल्यावर कुणाची पाठ सरळ राहील? वाकली आहे का, यापेक्षा अजून वाकते आहे का हे मला हवं असतं. म्हणून आम्ही प्रत्येक तुळईच्या दोन टोकांना सूत ताणून बांधतो, मध्यावर सूत आणि लाकूड यांच्यातलं अंतर मोजतो आणि पेन्सिलनं तिथेच लिहून ठेवतो. दुसऱ्या कैचीवर आता सहा वर्षांचे आकडे एकाखाली एक आहेत. 34 मिलिमीटर, 34, 35, 34, 34, 35. या आकड्यांवरून बोट फिरवलं की मला बरं वाटतं. एखाद्या वर्षी तिथे 41 लिहायची वेळ आली तर त्याच दिवशी खाली टेकू लागेल.

तुळयांवर आणखीही खुणा आहेत, किकऱ्यानं, म्हणजे सुताराच्या छिन्नीनं कोरलेल्या. प्रत्येक सांध्यापाशी एक, दोन, तीन असे घाव. कैची आधी अंगणात जमिनीवर जुळवतात, मग सुटी करून वर चढवतात. कोणती कूस, म्हणजे खाचेत बसणारं टोक, कोणत्या खाचेची, हे विसरू नये म्हणून केलेल्या त्या खुणा. तिसऱ्या कैचीचे तीन घाव जिथे होते तो तुकडा काकांनी जपून ठेवला आणि नवीन जोडात वापरला. कैची अख्खी बदलायची सगळ्यांनी सुचवलं होतं, लोखंडी बसवा म्हणूनही सांगितलं. काकांनी नाही म्हटलं. तिचं नऊ हात लाकूड शाबूत आहे, एक हात गेलं, एवढ्यासाठी पूर्ण फेकायची कशाला? "कलम करू," म्हणाले. जसं आंब्याला करतात तसं तिरका छेद घेऊन नव्या सागाचं टोक जुन्या ऐनाला बसवलं, दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या, आरपार बोल्ट. भिंतीत टेकवताना खाली जांभ्याऐवजी काळा दगड दिला आणि तिन्ही बाजूंना दोन बोटं मोकळी ठेवली. वारा खेळला पाहिजे. गवंडी त्या फटी भरायला निघाला होता, काकांनी हात धरला.

वादळानंतर गावात पत्रे फार आले. कौलं मिळेनात, चढणारी माणसं मिळेनात, लोकांचा तरी काय इलाज होता. पण इथे एक गोष्ट कळकळीनं सांगते. कौलारू कैची भिंतीवर नुसती टेकलेली असते, ती चार टनांचं ओझंच तिला धरून ठेवतं. कौलं काढून पत्रा टाकला की छप्पर हलकं झालं. आता वारा त्याला खालून उचलणार, आणि जी कैची जन्मभर खाली दाबली जात होती ती वर ओढली जाणार. तिला भिंतीशी पट्टीनं, बोल्टनं बांधलेलं नसेल तर पुढच्या वादळात पत्र्यासकट कैचीही जाते. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यालगत वर सरकत होतं तेव्हा रात्रभर मी हाच विचार करत होते. कुणी पत्रा टाकत असेल तर वर जाऊन बघा, कैचीचा पाय कशाला बांधलेला आहे.

आत्या म्हणते, पूर्वी एवढं बघावं लागायचं नाही. तिचं खरं आहे, पण त्याला कारण होतं. मृगाच्या आधी दर वर्षी कौलं परतायला माणसं चढायची, फुटकी काढायची, कोने बसवायची. म्हणजे वर्षातून एकदा कुणीतरी प्रत्येक वाशावर पाय देत होतं, आणि मऊ झालेला वासा पायाखाली कळायचाच. शिवाय खाली चूल होती. तिचा धूर आणि ऊब रोज वर जायची, लाकूड कोरडं राहायचं, किड्यांनाही तो धूर मानवत नसे. आता खाली गॅस आहे, त्याला आमची ना नाही, आत्याच्या डोळ्यांना किती आराम पडला. पण वरचं लाकूड थंड आणि दमट झालं, आणि त्याच सुमारास चढणारी माणसं मुंबईला गेली. आमच्या वाडीतल्या निम्म्या घरांना गणपती आणि शिमगा सोडून कुलूपच असतं. कुलूपबंद घराच्या माळ्यावर पाच पावसाळे काय चाललं आहे हे कुणाला ठाऊक?

यंदा आढ्याला, टोकांना सगळं ठीक निघालं. कलम केलेल्या टोकात टोच्या जराही गेला नाही. पश्चिमेच्या भिंतीवर वाळवीची एक पेन्सिलएवढी मातीची नळी सापडली, ती बोटभर मोडून ठेवली. चार दिवसांत मोडलेली जागा पुन्हा सांधली गेली असती तर आत वाळवी जिवंत आहे असं समजलं असतं. ती तशीच राहिली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी चौथ्या कैचीच्या मधल्या खांबावर टाचणीच्या टोकाएवढी सात-आठ भोकं दिसली. भुंगेऱ्याची भोकं वर्षानुवर्षं तशीच राहतात, त्यामुळे किडा अजून आहे की कधीच गेला हे नुसत्या भोकांवरून सांगता येत नाही. मी खालची धूळ झाडून घेतली, तिथे वर्तमानपत्र पसरलं, चार कोपऱ्यांना कौलांचे तुकडे ठेवले आणि खाली आले.

सकाळी जाग आली तेव्हा आत्या शिडीवरून उतरत होती. या वयात चढू नकोस म्हणून मी किती वेळा सांगितलं आहे. कागद तिनं नीट घडी घालून छातीशी धरला होता. ओटीवर उजेडात आम्ही तो उघडला. मध्ये चिमूटभर पिठी होती. जुनी पिठी करडी असते, धुळीत मिसळून गोळा झालेली. आत्यानं चष्मा लावला, कागद किंचित कलता केला. पिठी बारीक रव्यासारखी सरसर घरंगळली, फिकट पिवळी.

"ताजी आहे गं," ती म्हणाली.

मी पुण्याची गाडी दोन दिवस पुढे ढकलली आणि सुतारकाकांना फोन लावला.